हजरत मूसा : मागून येणाऱ्याची खूण सांगून गेलेले पैगंबर

आज सातवा रोजा. एका हदीसमध्ये आले आहे की हजरत मूसा (अलैहिस्सलाम) यांच्यावर तौरात उतरली ती रमजानचे सहा दिवस उलटल्यावर, आणि हजरत ईसा (अलैहिस्सलाम) यांच्यावर इंजील उतरली ती तेरा दिवस उलटल्यावर. कुरआनही याच महिन्यातला. म्हणजे रमजानच्या हिशेबाने या दोन पैगंबरांमध्ये एका आठवड्याचे अंतर आहे. इतिहासाच्या हिशेबाने ते हजाराहून अधिक वर्षांचे भरते. ज्यांना आम्ही मूसा म्हणतो, ते ख्रिस्ती बांधवांचे मोशे आणि यहुदी लोकांचे मोशे रब्बेनू, म्हणजे आमचे गुरू मोशे. ज्यांना आम्ही ईसा म्हणतो, ते ख्रिस्ती बांधवांचे प्रभू येशू. बायबल वाचणाऱ्या ख्रिस्ती माणसाला मोशेच्या आयुष्यात पावलोपावली येशूची चाहूल लागते. त्यांच्या भाषेत मोशे ही येशूची पूर्वछाया. ती कशी, हे मूसांच्या चरित्रातून आज पाहू.

आधी एक कबुली. एम.ए. करत असताना वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत एक ख्रिस्ती मित्र राहायचा. बायबलमध्ये मूसांनी सांगून ठेवले आहे की तुमच्या भावांमधून माझ्यासारखा एक पैगंबर उठेल, त्याचे ऐका. हा पैगंबर कोण, यावर आमचा वाद व्हायचा. तो म्हणायचा येशू, मी म्हणायचो हजरत मुहम्मद (सल्ल.). माझ्याजवळ एक पुस्तिका होती. तिच्यातली साम्यांची यादी मला तोंडपाठ होती. एका रात्री मी ती यादी धडाधड म्हणून दाखवली आणि वाद जिंकला, असे मला वाटले. त्याने एवढेच विचारले, की वासराची पूजा झाल्यावर मूसांनी आपल्या लोकांसाठी काय मागितले, ते तू बायबलमध्ये वाचले आहेस का. मी वाचले नव्हते. हसून विषय बदलला. मूसांसारखा कोण, हे मला ठाऊक होते. मूसा कसे होते, हे धड ठाऊक नव्हते. पुढे कुरआनच्या जोडीने निर्गम, गणना आणि अनुवाद ही बायबलमधली पुस्तके सलग वाचली, तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

टोपलीतले मूल

हजरत याकूब यांची मुले दुष्काळात धान्यासाठी मिसरमध्ये आली आणि तिथेच राहिली. पिढ्या गेल्या, वंश वाढला. मग असा एक राजा आला, ज्याला या परक्यांच्या संख्येची धास्ती वाटू लागली. आम्ही त्याला फिरऔन म्हणतो, मराठी बायबल फारो म्हणते. त्याने बनी इस्राईलला विटा थापायला आणि शेतात राबायला जुंपले. तेवढ्याने भागेना, तेव्हा त्यांच्या घरी जन्मणारे मुलगे मारून टाकण्याचा हुकूम दिला. बायबलमध्ये शिप्रा आणि पुवा या दोन सुइणींची नावे आहेत. त्यांनी हा हुकूम मानला नाही. राजाने जाब विचारला, तेव्हा या बाया आम्ही पोहोचण्याआधीच बाळंत होतात, असे सांगून त्यांनी वेळ मारून नेली. राजाचे नाव बायबलने नोंदवलेले नाही, सुइणींची नावे मात्र नोंदवली आहेत.

अशा दिवसांत मूसांचा जन्म झाला. आईने तीन महिने बाळ लपवले. मग लव्हाळ्याची टोपली घेतली, तिला डांबर आणि राळ लावली, बाळ आत ठेवले आणि टोपली नदीत सोडली. बहीण लांब उभी राहून पाहत होती. टोपली फिरऔनच्याच माणसांच्या हाती लागली. बायबलमध्ये बाळाला उचलून घेते ती फिरऔनची मुलगी, कुरआनमध्ये फिरऔनची पत्नी. कुरआन सांगते की बाळ कोणत्याच दाईचे दूध घेईना. तेव्हा बहीण पुढे झाली, तिने एक बाई सुचवली आणि बाळ पुन्हा आपल्याच आईच्या मांडीवर आले. बायबल आणखी सांगते की दूध पाजण्याबद्दल आईला राजवाड्यातून मजुरीही मिळाली.

ही कथा तोंडपाठ असलेल्या लोकांसाठी मत्तयाने आपले शुभवर्तमान लिहिले. येशू जन्मले तेव्हा यहुदियात हेरोद राजा होता. यहुद्यांचा राजा जन्मला आहे, हे कानावर येताच त्याने बेथलेहेम आणि आसपासचे दोन वर्षांपर्यंतचे मुलगे मारण्याचा हुकूम दिला. योसेफ रातोरात मरिया आणि बाळाला घेऊन निघाला आणि पोहोचला कुठे, तर मिसरमध्ये. ज्या देशातून मोशेला पळावे लागले, तोच देश येशूंचा आसरा झाला. आणखी एक बारकावा आहे. मोशे परदेशात असताना देवाने त्यांना परत फिरायला सांगितले, कारण त्यांच्या जिवावर टपलेले सगळे मरून गेले होते. मिसरमध्ये योसेफाला परत फिरण्याचा निरोप मिळतो, तो मत्तयाने जवळजवळ त्याच शब्दांत लिहिला आहे. मेला होता एकटा हेरोद. पण मत्तयाने जुन्या कथेतले अनेकवचन तसेच ठेवले. जाणत्या वाचकाला खूण पटावी, म्हणून ठेवलेला हा शब्द.

आपल्यांनीच नाकारलेला

मूसा राजवाड्यात वाढले, पण आपले लोक कोण, हे विसरले नाहीत. एकदा एक मिसरी माणूस त्यांच्यातल्या एकाला मारताना दिसला. मूसा मध्ये पडले आणि त्यांच्या हातून तो मिसरी माणूस ठार झाला. कुरआन सांगते की त्यांनी लगेच आपल्या रबकडे क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी आपल्यातच दोघे भांडत होते. मूसा सोडवायला गेले, तेव्हा भांडणाऱ्याने उलट तोंड टाकले : काल त्याला मारलेस, आज मला मारणार काय? बायबलमध्ये तो असेही विचारतो की तुला आमचा अधिकारी आणि न्यायाधीश कोणी केले. ज्यांच्यासाठी धावून गेले, त्यांच्यापैकीच एकाचे हे बोलणे. मूसांना मिसर सोडावे लागले.

ते मद्यनला पोहोचले. विहिरीवर मेंढपाळांची गर्दी होती आणि मुली आपली जनावरे घेऊन बाजूला थांबल्या होत्या. मूसांनी त्यांच्या जनावरांना पाणी पाजले आणि सावलीत जाऊन बसले. त्या मुलींच्या वडिलांनी त्यांना घरी बोलावले, ठेवून घेतले, मुलगी दिली. राजवाड्यात वाढलेला माणूस मेंढ्या राखू लागला.

मोशे आणि येशू यांची सांगड घालणारे एक मोठे भाषण नव्या करारातल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आहे. येशूंचा अनुयायी स्तेफन यरुशलेमच्या न्यायसभेपुढे उभा होता. त्याने मोशेचे आयुष्य चाळीस-चाळीस वर्षांच्या तीन भागांत सांगितले : चाळीस मिसरमध्ये, चाळीस मिद्यानात, चाळीस रानात. त्याचा रोख एका गोष्टीवर होता. ज्याला लोकांनी नाकारले, त्यालाच देवाने सोडवणारा म्हणून परत पाठवले. तुम्ही येशूंच्या बाबतीत तेच केले, असे त्याला म्हणायचे होते. या भाषणानंतर स्तेफनला दगडांनी ठार मारण्यात आले. साम्ये दाखवणे हा त्याच्यासाठी वसतिगृहातला वाद नव्हता.

अडखळणारी जीभ

तूरच्या परिसरात मूसांना आग दिसली. घरच्यांसाठी विस्तव आणावा म्हणून ते गेले आणि हुकूम घेऊन परतले : फिरऔनकडे जा. मूसा घाबरले. त्यांच्या जिभेत अडथळा होता, त्यांच्या नावावर खुनाचा आरोप होता. त्यांनी छाती मोकळी कर, जिभेची गाठ सोडव, माझा भाऊ हारून याला सोबत दे, अशी विनवणी केली. कुरआनमधली ही दुआ आजही मुस्लिम घरांतली मुले परीक्षेला बसण्याआधी पुटपुटतात. आमच्यासारखे शिक्षकही वर्गात शिरताना म्हणतात. अल्लाहशी थेट बोलण्याचा मान मिळाला म्हणून मूसांना आम्ही कलीमुल्लाह म्हणतो. इतका मोठा मान मिळालेल्या माणसाची माणसांपुढे बोलताना जीभ अडखळे, हे मला नेहमी धीर देणारे वाटते.

फिरऔनने ऐकले नाही. कुरआन नऊ निशाण्यांचा उल्लेख करते, बायबल दहा पीडांचा. बायबलमधली पहिली पीडा म्हणजे नदीचे पाणी रक्त झाले. योहानाच्या शुभवर्तमानात येशूंचे पहिले चिन्ह आहे ते काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस करण्याचे. ख्रिस्ती विवेचकांनी या दोन पहिल्या चिन्हांची जोडी लावली आहे : एक शिक्षेचे, एक आनंदाचे.

शेवटच्या पीडेच्या रात्री प्रत्येक घराने निर्दोष कोकरू कापायचे, त्याचे रक्त दाराच्या चौकटीला लावायचे आणि कंबर कसून, पायांत जोडे घालून, बेखमीर भाकरीबरोबर ते घाईने खायचे, असा आदेश होता. ज्या दारावर रक्त असेल ते घर मृत्यू ओलांडून जाईल. हाच यहुद्यांचा वल्हांडण सण. त्या कोकराचे हाड मोडायचे नाही, असाही नियम होता. येशूंना वधस्तंभावर दिले गेले ते याच सणाच्या दिवसांत. योहान मुद्दाम लिहितो की सोबतच्या दोघांचे पाय सैनिकांनी मोडले, येशूंचे मोडले नाहीत. पौलाने तर आपल्या पत्रात ख्रिस्ताला आपला वल्हांडण म्हटले. चर्चमध्ये येशूंना देवाचे कोकरू म्हणतात, त्याचे मूळ मिसरमधल्या त्या रात्रीत आहे.

इथे आमची वाट वेगळी होते, हेही सरळ सांगायला हवे. कुरआन हजरत ईसांना मसीह म्हणते, कुमारी मरियमचे पुत्र म्हणते, त्यांचे चमत्कार मानते. पण ते ईश्वराचे पुत्र होते किंवा त्यांना वधस्तंभावर मारण्यात आले, हे ते मानत नाही. म्हणून कोकराचे आणि वधस्तंभाचे नाते हे ख्रिस्ती श्रद्धेचे आहे. मी ते बाहेरून सांगतो आहे. पण शेजाऱ्याच्या देवघरात काय आहे ते नीट पाहून सांगता यावे, एवढी ओळख तर हवीच.

समुद्र आणि आशूराचा रोजा

समुद्र दुभंगला, बनी इस्राईल पार झाले, फिरऔनचे सैन्य बुडाले. पौलाला या पार होण्यात बाप्तिस्म्याची छाया दिसली. आमच्याकडे या घटनेची आठवण रोजाच्या रूपाने राहिली. हजरत मुहम्मद पैगंबर (सल्ल.) मदीनेत आले, तेव्हा तिथले यहुदी आशूराचा उपवास करताना त्यांना दिसले. मूसांची सुटका झाली म्हणून हा उपवास, असे उत्तर मिळाले. मूसांवर आमचाही हक्क आहे, असे म्हणून पैगंबरांनी स्वतः रोजा ठेवला आणि इतरांनाही ठेवायला सांगितले. हिजरी सन २ मध्ये रमजानचे रोजे फर्ज झाले आणि आशूराचा रोजा ऐच्छिक राहिला. म्हणजे आज आपण जो महिनाभर उपवास करतो, त्याच्या आधी मूसांच्या आठवणीचा एक उपवास उभा आहे. नमाजचेही तसेच. मेराजच्या हदीसनुसार सुरुवातीला पन्नास नमाज सांगितल्या गेल्या होत्या. मूसांनी पैगंबरांना पुन्हा पुन्हा परत पाठवले, की तुमच्या लोकांना हे झेपणार नाही, कमी करून घ्या. शेवटी पाच राहिल्या. लोकांना काय झेपते, हे रानात चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला ठाऊक होते.

त्या रानात लोक कुरकुर करत राहिले. पाणी नाही, भाकरी नाही, मिसरमधले कांदे आणि लसूण बरे होते. त्यांना मन्न आणि सलवा, म्हणजे मान्ना आणि लावे पक्षी मिळाले. खडकातून पाणी मिळाले. शेकडो वर्षांनी गालीलच्या समुद्राकाठी येशूंनी पाच भाकरी आणि दोन मासळ्यांवर पाच हजारांना जेवू घातले. योहान लिहितो की ते पाहून लोक आपसांत म्हणू लागले, की येणारा तो पैगंबर हाच. मूसांचे शब्द त्यांच्या मनात होते. दुसऱ्या दिवशी लोकांनी मान्नाचा विषय काढला, तेव्हा येशूंनी स्वतःलाच जीवनाची भाकर म्हटले. तेव्हा त्यांचे पुष्कळसे शिष्य त्यांना सोडून गेले. कुरकुर मोशेच्याही वाट्याला होती, येशूंच्याही.

डोंगरावरचे चाळीस दिवस

मूसा तूरवर चाळीस दिवस राहिले. कुरआन सांगते की आधी तीस रात्री ठरल्या होत्या, त्यांत दहाची भर पडली. बायबल सांगते की त्या काळात त्यांनी भाकर खाल्ली नाही, पाणीही प्याले नाहीत. येशूंनीही काम सुरू करण्याआधी रानात चाळीस दिवस उपवास केला. ख्रिस्ती बांधव ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळतात, तो याच आठवणीने. मूसा डोंगरावरून नियमशास्त्र घेऊन आले. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू डोंगरावर चढून बसतात आणि शिकवू लागतात. त्या प्रवचनात ते जुनी आज्ञा घेतात आणि तिच्या मुळाशी जातात : खून करू नकोच, पण मनात रागही धरू नकोस.

मूसा डोंगरावर असताना खाली लोकांनी सोन्याचे वासरू केले. बायबलमध्ये ते अहरोन घडवतो. कुरआनमध्ये सामिरी नावाचा माणूस घडवतो आणि हारून लोकांना अडवत राहतात. मूसा परतले आणि संतापले. बायबलप्रमाणे हातातल्या दगडी पाट्या त्यांनी डोंगराच्या पायथ्याशी फोडल्या.

माझ्या मित्राने विचारलेला भाग इथे येतो. देवाने मोशेला सांगितले होते की या लोकांना मी नष्ट करतो आणि तुझ्यापासून नवे मोठे राष्ट्र उभे करतो. कुठल्याही पुढाऱ्याने डोळे मिटून घ्यावे, असे हे देणे होते. छळणारे, कुरकुरणारे, पाठ फिरताच वासरापुढे नाचणारे लोक गेले असते आणि स्वतःचे घराणे उभे राहिले असते. मोशेंनी ते घेतले नाही. ते पुन्हा डोंगर चढून गेले आणि म्हणाले, की यांना क्षमा कर. करणार नसशील, तर तू लिहिलेल्या पुस्तकातून माझे नाव पुसून टाक.

त्यांची ती विनंती मान्य झाली नाही. ज्याने पाप केले त्याचेच नाव पुसले जाईल, असे उत्तर मिळाले. पण देवाने त्या लोकांचा नाश केला नाही. ख्रिस्ती धर्मचिंतन इथे थांबून म्हणते, की मोशेंनी देऊ केले आणि घेतले गेले नाही, ते येशूंनी वधस्तंभावर पुरे केले. एकाचे ओझे दुसरा उचलू शकत नाही, असे आमचे कुरआन सांगते. तरीही आपल्या लोकांसाठी रबकडे रदबदली करणारा पैगंबर आम्हाला परका नाही. शफाअतवर आमचाही विश्वास आहे. हा उतारा मी पहिल्यांदा वाचला, तेव्हा वसतिगृहातला तो प्रश्न आठवला आणि माझी तोंडपाठ यादी फार तोकडी वाटली. त्या यादीत जन्म होता, लग्न होते, राज्य होते, कायदा होता. लोकांसाठी स्वतःचे नाव पुसायला तयार होणे, हे त्या यादीत नव्हते.

काठीवरचा साप

पुढे एकदा रानात सापांनी लोकांना डसायला सुरुवात केली. मोशेंनी देवाच्या सांगण्यावरून पितळेचा साप करून काठीवर उंच लावला. डसलेला माणूस त्याच्याकडे पाही आणि वाचे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतः या सापाची आठवण देतात : तो जसा उंच केला गेला, तसेच मनुष्याच्या पुत्रालाही उंच केले जाईल. ख्रिस्ती वाचनात वधस्तंभाची ही सर्वांत स्पष्ट पूर्वछाया. याच सापाची पुढची हकीकतही बायबलमध्येच आहे. काही शतकांनी लोक त्या पितळी सापापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. खुणेचीच पूजा सुरू झाली की खूण मोडावी लागते, हे त्या राजाला कळले होते.

पाण्याच्या एका प्रसंगात मोशेंच्या हातून चूक झाली. खडकाशी बोलायचे होते, त्यांनी रागात खडकावर दोनदा काठी मारली. त्यामुळे वचनदत्त देशात त्यांना प्रवेश मिळणार नाही, असे ठरले. चाळीस वर्षे लोकांना ज्या देशाकडे नेले, तो त्यांच्या नशिबी नव्हता.

माझ्यासारखा एक

यार्देन नदीच्या अलीकडे, मवाबाच्या मैदानात मोशेंनी निरोपाची भाषणे केली. अनुवाद हे पुस्तक म्हणजे ती भाषणे. त्याच्या अठराव्या अध्यायात ते शब्द आहेत, ज्यांवरून आम्ही भांडत होतो. ते कोणत्या संदर्भात आले, हे मी त्या वेळी पाहिले नव्हते. डोंगरावर गडगडाट आणि आग पाहून लोक भ्याले होते. देवाचा आवाज आम्हाला थेट ऐकवत नाही, आम्ही मरून जाऊ, मध्ये कोणीतरी असू दे, असे त्यांनी म्हटले होते. देवाने ते मान्य केले होते. त्याची आठवण देऊन मोशे सांगतात, की माझ्यासारखा एक उठेल. म्हणजे माझ्यासारखा याचा पहिला अर्थ, माझ्यासारखा मध्ये उभा राहणारा.

तो कोण, याची उत्तरे तीन. यहुदी परंपरेत मोशेंनंतर आलेल्या पैगंबरांची सगळी रांग यात येते आणि तिची सुरुवात मोशेंचा मदतनीस यहोशवा याच्यापासून होते. त्याचबरोबर अनुवादाच्या शेवटी लिहिले आहे की मोशेसारखा पैगंबर पुन्हा इस्राईलमध्ये झाला नाही. ख्रिस्ती परंपरेत उत्तर आहे येशू. पेत्राने मंदिराच्या आवारात तसे जाहीरपणे सांगितले. इस्लामी परंपरेत उत्तर आहे हजरत मुहम्मद (सल्ल.). भाऊ म्हणजे हजरत इस्माईल यांचा वंश, असे आमचे विद्वान मांडतात. कुरआनही फिरऔनकडे पाठवलेल्या रसूलशी पैगंबरांची तुलना करते. १८५४ मध्ये आग्र्याला ख्रिस्ती मिशनरी फांडर यांच्याशी वाद करणारे मौलाना रहमतुल्लाह कैरानवी यांनी आपल्या इजहारुल हक या ग्रंथात या वचनाची सविस्तर चर्चा केली आहे. माझी श्रद्धा तिसऱ्या उत्तरावर आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. पण पहिली दोन उत्तरे देणारेही तेच पान तितक्याच भक्तीने वाचतात, हे मला उशिरा कळले.

एक गंमत नावांचीही आहे. मोशेंनंतर लोकांना देशात नेणारा यहोशवा आणि येशू, ही मुळात एकाच नावाची दोन रूपे. बायबलच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात दोघांचे नाव सारखेच लिहिले आहे. त्यामुळे सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकांना हे चित्र फार भावले : मोशे दारापर्यंत आणतात आणि येशू नावाचा माणूस आत नेतो. आमच्याकडे तेच हजरत यूशा बिन नून.

आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राईल लोकही याच मोशेंचे अनुयायी. मुंबईत १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी त्यांचे पहिले सिनेगॉग उभारले. सिनेगॉगला ते मशीद म्हणत. मुंबईच्या मशीद स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात. जगभरातल्या सिनेगॉगांत तौरात वर्षभर थोडी थोडी वाचतात. शेवटचा भाग मोशेंच्या मृत्यूचा. तो संपला की त्याच दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात होते.

नबो डोंगर

त्या शेवटच्या भागात मोशे नबो डोंगरावर चढतात. आज हा डोंगर जॉर्डन देशात आहे. देवाने तिथून त्यांना सगळा देश दाखवला. पाहिला, पण पाऊल ठेवायचे नव्हते. वयाच्या १२० व्या वर्षी ते तिथेच वारले. त्यांची कबर कोणाला माहीत नाही, असे बायबल म्हणते. मुस्लिम परंपरेने यरीहोजवळच्या एका जागेला नबी मूसा हे नाव दिले. तिथे सुलतान बैबर्सने १२६९ मध्ये वास्तू उभारली. नबोवर प्राचीन चर्चचे अवशेष आहेत. तिथेच जोव्हानी फान्तोनी या इटालियन शिल्पकाराने केलेले काठीवरच्या सापाचे उंच शिल्प उभे आहे. त्याने त्याला वधस्तंभाचा आकार दिला. मूसा ज्या डोंगरावर थांबले, तिथे ख्रिस्ती कलावंताने येशूंची खूण उभी केली.

शुभवर्तमानांत मोशे आणखी एकदा दिसतात. येशू तीन शिष्यांना घेऊन डोंगरावर जातात, त्यांचा चेहरा सूर्यासारखा तेजस्वी होतो, आणि मोशे व एलीया त्यांच्याशी बोलताना दिसतात. पूर्वी देवाशी बोलून परतताना मोशेंचा चेहराही असाच उजळलेला असे. लूक सांगतो की त्यांचे बोलणे येशूंच्या निघून जाण्याबद्दल चालले होते. त्यासाठी लूकने वापरलेला ग्रीक शब्द, मिसरमधून बाहेर पडण्याची हकीकत सांगणाऱ्या पुस्तकाच्या ग्रीक नावातलाच आहे.

कुरआनमध्ये मूसांचे नाव सव्वाशेहून अधिक वेळा येते, इतर कोणत्याही पैगंबराच्या नावापेक्षा जास्त. पुढच्या सगळ्यांची ओळख पटवायला पुन्हा पुन्हा त्यांच्याकडेच जावे लागते. पण स्वतः मूसांनी मी शेवटचा, असे म्हटले नाही. यूशाला तयार केले, लोकांना सांगितले की माझ्यासारखा येईल, त्याचे ऐका, आणि डोंगर चढून गेले.

त्या मित्राची आणि माझी गाठ पुढेही पडत राहिली. वाद आता आम्ही घालत नाही. एकदा इफ्तारला तो घरी आला होता. तेव्हा मी त्याला सांगितले की तू विचारलेला भाग मी वाचला. तो म्हणाला, मग मूसांसारखा कोण? मी म्हटले, ते कयामतच्या दिवशी कळेलच. तोवर आपण दोघांनी आपापल्या लोकांसाठी थोडे तरी मूसांसारखे व्हायला काय हरकत आहे? अजान झाली आणि मी खजुराची बशी त्याच्या पुढे सरकवली.

सात दिवसांनी चौदावा रोजा होईल आणि इंजीलची आठवण येईल. आपल्या गल्लीत, कार्यालयात, वर्गात एखादा ख्रिस्ती बांधव असेल, तर त्या दिवशी त्याला मूसांची एखादी हकीकत सांगायला सांगा. पहिले अर्धे चरित्र तुम्हाला पाठ असेल. उरलेले तो सांगेल.